चावी ग्रामसभेत आहे

काकूंनी आयुष्यात एकही गोल पाहिला नाही. आमच्या ग्राउंडवर त्या प्रत्येक मॅचला हजर असत, आणि प्रत्येक मॅचला त्यांची पाठ खेळाकडे असे.

कोपऱ्यातल्या झेंड्यापासून चार हात मागे त्यांची लोखंडी खुर्ची, तोंड लोकांकडे, हातात अडकित्ता. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, बाईंना कोणीतरी खुर्ची उलटी मांडून दिली आणि सांगायची हिंमत कोणाला झाली नाही. म्हणून मीच गेले. म्हटलं, "काकू, खेळ तिकडं आहे."

"मले माहीत हाये तिकडं हाये," काकू सुपारी कातरत म्हणाल्या. "तिकडं पाह्याले एवढे लोकं हायेत. इकडं पाह्याले कोन हाये?"

त्यांनी अडकित्त्यानंच लोकांकडे बोट केल्यासारखं केलं. "पाह्य. बॉल कुठं हाये थे यांच्या तोंडावर दिसते. आता आपला पोट्टा पडला." मी वळून पाहिलं. खरंच आमचा एक जण लोळत होता. "उठला," काकू म्हणाल्या. उठला होता. "आता त्याइनं बाहेर मारला. पाह्य, सारे खाली बसले."

त्या दिवशी मी निम्मी मॅच त्यांच्या बाजूला उभी राहून लोकांची तोंडं पाहिली. खोटं कशाला बोलू, खेळापेक्षा मजा आली.

आमची वस्ती वणीच्या बाजूची, कोळसाखाणीच्या आधारानं वाढलेली. खाणीवर कामाला सगळ्या मुलखातून माणसं आली आणि कोणीतरी आपल्यासोबत फुटबॉल घेऊन आलं. आधी पाळी सुटल्यावर खेळायचे. मग कोळशाचे ट्रक चालवणाऱ्या एका मालकानं पैसा लावला आणि पगारी टीम उभी केली. मणिपूर, केरळ, बंगाल, कोल्हापूर अशा चारी दिशांची पोरं आणून ठेवली. ही सगळी पोरं काकूंच्या खोल्यांमध्ये भाड्यानं राहायची. काकूंचे यजमान खाणीत होते. ते गेल्यावर मिळालेल्या पैशातून काकूंनी अंगणाच्या तिन्ही बाजूंनी खोल्या बांधल्या. तिथंच वरच्या मजल्यावर एक खोली माझी होती.

मी मारेगाव तालुक्यातल्या एका गावची. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढं कोणी गेलं नाही. मी एसटीनं वणीला जाऊन-येऊन बी.कॉम. केलं. हे मी जिथं संधी मिळेल तिथं सांगते आणि इथंही सांगते. टीमच्या ऑफिसात मला नोकरी लागली ती त्या डिग्रीवर. पत्रं लिहायची, मॅचचं वेळापत्रक टाइप करायचं, मॅचच्या दिवशी भोंग्यावर नावं पुकारायची, हे माझं काम.

खोली पाहायला गेले तेव्हा काकूंनी ना गाव विचारलं, ना जात विचारली. दोन गोष्टी विचारल्या.

"काय शिकली?"

"ग्रॅज्युएट आहे."

"भांडता येते का?"

मी म्हटलं, "येते."

"मंग राह्य. न भांडनारे लोकं पोटात ठेवतात, आन् मंग खोली सोडताना दरवाजा आपटून जातात."

तेव्हापासून त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. "ओ ग्रॅज्युएट, नळ आला!" "ओ ग्रॅज्युएट, तुह्यी चप्पल कुत्र्यानं नेली!" अशी हाक सगळ्या अंगणात जायची. आधी मला वाटायचं टोमणा मारतात. एकदा शेजारणीशी बोलताना ऐकलं, "माह्या वरच्या खोलीत ग्रॅज्युएट हाये," आणि हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं जसं लोक सांगतात की आमच्याकडं ट्रॅक्टर आहे.

खोल्यांची वाटणी त्यांनी स्वतःच्या डोक्यानं केलेली. गोलकीपरला फाटकाजवळची खोली. "राखनदार दारातच पाह्यजे." तो मणिपूरचा, टीमचा कॅप्टनही तोच. बिचाऱ्याला पहाटे दूधवाल्यासाठी फाटक उघडावं लागायचं. गोल मारणाऱ्यांना मागच्या खोल्या, कारण त्यांना पळायची सवय राहिली पाहिजे. फाटकापासून मागपर्यंत किती पळणार? पण काकूंना असं विचारून उपयोग नव्हता.

जेवणाचाही असाच उलटा कायदा. टीम जिंकली की वरण-भात. हरली की पाटोडीचा रस्सा, झणझणीत, वरून तेलाची तर्री. मी विचारलं तर म्हणाल्या, "जिंकलेल्या पोट्ट्याइचं पोट ग्राउंडवरच भरून येते. हरलेला उपाशी येते." मालकाला हे कळलं तेव्हा तो डोक्याला हात लावून बसला. "काकू, अशानं पोट्टे मुद्दाम हरतीन!" बंगालच्या पोरानं एकदा बरोबरीत सुटलेल्या मॅचनंतर स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारलं, "काकू, आज ड्रॉ हुआ. आज क्या?" काकूंनी मिनिटभर विचार केला आणि वरण-भातावर अर्धी पळी रस्सा ओतला.

केरळचा एक पोरगा होता, उजव्या बाजूनं पळणारा. एकदा काकू मला जिन्यात थांबवून म्हणाल्या, "त्या पोट्ट्याचे कपडे तीन दिवसापासून दोरीवर हायेत. त्याचं मन इथं नाई." मी म्हटलं आळशी असेल. "आळशी मानूस कपडे धुतच नाई. यानं धुतले आन् विसरला." त्याच्या खोलीत जाऊन त्यांनी त्याच्याच मोबाइलवर त्याच्या आईला व्हिडिओ कॉल लावायला लावला. मग पोराला बाहेर पाठवून दोघी अर्धा तास बोलल्या. काकू वऱ्हाडीत, ती बाई मल्याळममध्ये. फोन ठेवला तेव्हा काकूंच्या डोळ्यात पाणी. म्हणाल्या, "माह्यासारखीच तिचीही बहीन तिच्याशी बोलत नाई." हे त्यांना कसं समजलं ते मला आजपर्यंत समजलं नाही. पोराला विचारलं तर खरं निघालं.

तर अशी ही बाई. आणि त्या वर्षी आमची टीम राज्याच्या वरच्या लीगमध्ये गेली.

आम्ही फटाके फोडले आणि पंधरा दिवसांनी लीगचं पत्र आलं. ते मीच उघडलं. वरच्या लीगच्या मॅचेस भरवायच्या तर ग्राउंडला बसायची गॅलरी पाहिजे, खेळाडूंना कपडे बदलायच्या खोल्या पाहिजेत, बायांसाठी वेगळं बाथरूम पाहिजे, आणि जागा खेळासाठी राखीव असल्याचा कागद पाहिजे. नसेल तर टीमनं दुसरीकडं ग्राउंड दाखवावं. आमच्या ग्राउंडवर काय होतं? दोन गोल, चुन्याच्या रेषा आणि काकूंची खुर्ची.

मालक त्या रात्रीच नागपूरला बोलून आला. सकाळी अंगणात येऊन त्यानं पोरांना सांगितलं, "नागपूरले ग्राउंड तयार हाये. गॅलरी हाये, लाइट हायेत. या सीझनच्या राह्यलेल्या मॅच इथं, पुढच्या सीझनपासून आपन तिकडं."

काकू चूल सारवत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "टीम कोनाची हाये?"

"माह्यी हाये काकू."

"पगार तुह्या हाये. टीम इथली हाये."

मालक वाईट माणूस नव्हता. तो काकूंच्या समोर पाटावर बसला. "मले का हौस हाये का काकू? माहे ट्रक इथूनच चालतात. गॅलरीसाठी सरकारचे पैसे मंजूर हायेत, अर्धे मी टाकतो. पन जागा पंचायतीची हाये. ग्रामसभेनं ठराव करून द्यावा का ही जागा खेळाची, मी उद्या पाया खोदतो. ठराव नाई, त मी काय हवेत बांधू?"

"मंग ठराव करू," काकू म्हणाल्या, जसं काही भाजी करू.

पण त्या जागेवर दुसऱ्यांचाही डोळा होता. ग्राउंडची एक बाजू डांबरी रस्त्याला लागून आहे. हार्डवेअरचं दुकान चालवणारे एक भाऊ बरीच वर्षं मागं लागले होते की तिथं दुकानांचे गाळे काढावे. त्यांच्या बाजूचे लोकही काही चोर नव्हते. कोणाचा मुलगा आयटीआय करून घरी बसलेला, कोणाला झेरॉक्सचं दुकान टाकायचं होतं. "फुटबॉलनं गावात कोनाचं पोट भरते?" असं हार्डवेअरवाले भाऊ चारचौघात विचारायचे.

ग्रामसभा ठरली. रविवार, दुपारी चार वाजता, पंचायतीच्या आवारात. ग्रामसेवकांनी नोटीस काढली, आणि टीमच्या बाजूनं तिच्या झेरॉक्स घरोघरी मी वाटल्या.

आता माझी चूक लिहून टाकते, कारण दुसऱ्या कोणी लिहिण्याआधी मी लिहिलेली बरी. त्याच रविवारी, त्याच चार वाजता आमची मॅच होती. ते वेळापत्रकही मीच टाइप केलं होतं. एका हातानं मॅचचा कागद चिकटवला, दुसऱ्या हातानं सभेचा, एकाच खांबावर, एकाखाली एक. माझ्या ध्यानात आलं नाही. आणि तो खांब रोज पाहणाऱ्या अख्ख्या गावाच्याही ध्यानात आलं नाही.

रविवारी ग्राउंड तुडुंब. टीम जाणार अशी बोंब झालेली, म्हणून जे कधी येत नव्हते तेही आले. सरपंचबाई आल्या, दोन मेंबर आले. काकू खुर्चीत बसून खूश. "आज गर्दी लय बेस हाये. पाह्य, सारे आले. तो न्हावी आला, गिरनीवाला आला, सरपंचबाईबी आल्या..." अर्धी मॅच संपली, शिट्टी वाजली आणि काकूंचा अडकित्ता थांबला.

"अवं ग्रॅज्युएट. हे सारे इथं हायेत त मंग तिथं कोन हाये?"

मी जीव खाऊन पळाले. पंचायतीच्या आवारात ग्रामसेवक रजिस्टर उघडून बसलेले, समोर हार्डवेअरवाले भाऊ आणि त्यांची पंधरा-वीस माणसं. बाकी मोकळ्या सतरंज्या. प्रत्येकाला वाटलं होतं सभेत बाकीचे असतील, आपण एकटे नसलो तर काय फरक पडतो. कोरम भरला नाही, सभा तहकूब. म्हणजे टीम वाचवायची सभा टीम पाहायला गेलेल्या लोकांमुळं मोडली. असं दुसऱ्या गावात होणार नाही.

ग्रामसेवकांनी तिथंच पुढची तारीख टाकली. पुढचा रविवार, चार वाजता.

"साहेब, त्या दिवशीही मॅच आहे!"

"बाई, मी लीगच्या वेळापत्रकावर पंचायत चालवत नाही," ते म्हणाले. "आणि ऐकून घ्या. तहकूब सभेला कोरम लागत नाही. जेवढे येतील तेवढ्यांत ठराव होईल."

ते ऐकून हार्डवेअरवाले भाऊ नुसते हसले. मला बी.कॉम. लागलं नाही ते हसू समजायला. पुढच्या रविवारी सगळं गाव ग्राउंडवर असेल, यांची पंधरा माणसं सभेत असतील, आणि पंधरा हातांनी ग्राउंडवर गाळे मंजूर होतील.

मॅचची तारीख बदलता येईना. लीगला दोन पत्रं लिहिली, दोन्हीची उत्तरं 'नाही'. मग काकू आठवडाभर दारोदार फिरल्या, सोबत मी. सगळे म्हणायचे, "येतो ना काकू, येतोच." दार लागलं की काकू मान हलवायच्या. "हा येत नाई. तोंडानं येतो म्हनते, डोये आत्ताच ग्राउंडवर हायेत." व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर मी सभेची आठवण टाकली. खाली सत्तावीस अंगठे आले, आणि अठ्ठाविसाव्यानं विचारलं, "मॅच चारलाच आहे ना?"

शनिवारी संध्याकाळी काकू अंगणात एकट्याच बसलेल्या पाहिल्या. पोरं आत सामान आवरण्याच्याच गोष्टी करत होती. नागपूरला खोल्या कशा असतील, मेस कशी असेल. काकू म्हणाल्या, "हे गेले का या खोल्याइत मी भाडेकरू ठेवीन. मास्तर ठेवीन, बँकवाले ठेवीन. पैसे येतीनच." मग म्हणाल्या, "पन रविवारी मी कोनाची तोंडं पाहू?"

मी त्यांना तेवढं एकदाच असं बोलताना ऐकलं.

एक गोष्ट सांगायची राहिली. आमची माती काळी, त्यात कोळशाचा बुक्का. बूट घालून कोणी खोलीत गेला की फरशी गेलीच. म्हणून खेळायचे बूट घरात न्यायचे नाहीत, फाटकाबाहेरच्या कोठीत ठेवायचे असा काकूंचा नियम होता. कोठीला कुलूप, चावी काकूंच्या कमरेला. मॅचच्या दिवशी तीन वाजता त्या कोठी उघडून एकेकाला बूट द्यायच्या.

त्या रविवारी तीन वाजले, सव्वातीन वाजले. पोरं जर्सी घालून, पायात स्लिपर, कोठीसमोर उभी. कोठीला कुलूप. काकू घरात नाहीत. त्या केव्हाच ग्राउंडवर जाऊन खुर्चीत बसल्या होत्या.

कॅप्टन पळत तिकडं गेला. "काकू, चाबी?"

"चाबी हाये."

"दो ना काकू. टाइम झाला."

"सभा झाली का देते."

तो आधी हसला. मग त्यांचं तोंड पाहून त्याचं हसू गेलं. मालक आला, चिडला, हात जोडले, परत चिडला. "काकू, मॅच बुडन! लीग आपल्याले काढून टाकन! हे काय करून राह्यले तुम्ही?"

"सभा बुडाली त मॅच कुठं खेळतं? दुकानात?"

कुलूप तोडा, असं कोणीतरी म्हणालं. कॅप्टननंच मान हलवली. "नहीं. काकू का ताला है." परगावची टीम बूट घालून तयार. रेफ्रींनी घड्याळ दाखवलं. नियमानं फक्त अर्धा तास थांबता येतं, त्यापुढं एक मिनिट नाही. अर्ध्या तासात आमची टीम बूट घालून मैदानात नसेल तर मॅच समोरच्याला देऊन टाकणार. चार वाजले होते.

तेव्हा काकू माझ्याकडं वळल्या. "ओ ग्रॅज्युएट. तुह्या हातात भोंगा हाये. बोल."

नोकरी मालकाची होती आणि मालक समोर उभा होता. पण मी भोंगा तोंडाशी धरला आणि साफ आवाजात सांगितलं, "सर्वांना कळवण्यात येते की आपल्या टीमचे बूट कुलपात आहेत. चावी ग्रामसभेत आहे. सभा पंचायतीच्या आवारात आत्ता सुरू आहे. मॅच पाहायची असेल त्यांनी तिकडं चलावं."

आधी एक शिट्टी, मग हशा, मग शिव्या. आणि मग काकू खुर्चीवरून उठल्या, चावी कमरेला खोचली आणि चालू लागल्या. त्यांच्या मागं पोरं, जर्सी आणि स्लिपर. पोरांच्या मागं सगळं ग्राउंड, त्यात सरपंचबाईही. ज्यांना मॅच पाहायची होती त्यांना चावीच्या मागं जाण्याशिवाय इलाज नव्हता. परगावची टीमही मजा पाहायला निघाली, त्यांच्या बुटांचा डांबरावर टकटक आवाज.

पंचायतीत हार्डवेअरवाले भाऊ नुकतेच बोलायला उभे राहिले होते. फाटकातून एवढे लोक आत शिरताना पाहून ते खाली बसले, मग परत उठले. "ऑब्जेक्शन! यातले अर्धे बाहेरगावचे हायेत. ग्रामसभेत गावचे मतदारच बसतात."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. ग्रामसेवकांच्या कपाळाला घाम. एवढ्या गर्दीत मतदार यादी लावून पाहायची तर संध्याकाळ होईल, आणि आमच्याकडं वीस मिनिटं.

"यादी राहू द्या," काकू म्हणाल्या आणि फाटकात जाऊन उभ्या राहिल्या. एकेकाच्या तोंडाकडं पाहत त्यांनी निवडायला सुरुवात केली.

"तू मारेगावचा. भिंतीवर बस. तू ये. तू ये. तू राजूरचा, बाहेर. तू अठराचा नाई अजून, जाय खेळ. या मामा. तू ये."

"काकू, मी बाहेरचा, पन बायको इथली हाये!"

"मंग तू बाहेर, बायको अंदर. कुठं हाये ती? ये वं."

ग्रामसेवक मध्येमध्ये यादीत बोट ठेवून तपासत होते. सात-आठ नावं तपासली, एकही चुकलं नाही. मग त्यांनी यादी मिटली आणि काकू ज्याला आत सोडतील त्याची सही घ्यायला लागले. हार्डवेअरवाल्या भाऊंनीही पुढं हरकत घेतली नाही. कशी घेणार? गावातल्या माणसाला गावचा नाही म्हणायची सोय नव्हती, आणि बाहेरच्याला काकूंनीच बाहेर काढलं होतं.

टीमच्या बाजूनं मी ठराव वाचला. जागा खेळाच्या मैदानासाठी राखीव, गॅलरीला परवानगी. हात वर करा म्हणायच्या आत भाऊ बोलले, आणि या वेळी ते भांडणाच्या आवाजात बोलले नाहीत. "तुम्ही साऱ्याइनं मॅचसाठी हात वर करा, मले मान्य हाये. पन ज्यांचे पोरं घरी बसून हायेत त्यांनी काय पाहावं? गॅलरी खाता येते का?"

मागून कोणीतरी घड्याळ पाहून ओरडलं, "बारा मिनिटं!" मालक डोळे मिटून उभा. मी काकूंकडं पाहिलं. त्या मात्र भाऊंच्या मागं बसलेल्या त्या पंधरा-वीस माणसांकडं पाहत होत्या, एकेकाकडं, नेहमीसारख्या.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "गॅलरी काय जमिनीवर पसरवतात का? वर चढत जाते थे. मंग तिच्या खाली काय राह्यते?"

काकूंनी हातानंच हवेत पायऱ्या काढून दाखवल्या.

"पोकळ राह्यते. रस्त्याच्या बाजूनं बांधा गॅलरी. वर लोकं बसतीन, खाली रस्त्याकडं तोंड करून तुमचे गाळे. आन् गाळे पहिले गावातल्या रिकाम्या पोट्ट्याइले. हे लिह्य वं ग्रॅज्युएट."

मालकानं डोळे उघडले. बोटांवर काहीतरी मोजल्यासारखं केलं आणि म्हणाला, "होते. होते हे. गाळे काढले त गॅलरीचा पायाबी पक्का होते."

मी ठरावाचा कागद मांडीवर घेतला आणि तिथल्या तिथं तीन ओळी वाढवल्या. वाचून दाखवलं. सरपंचबाईंनी विचारलं, मंजूर? आणि हात वर झाले. सतरंजीवरचे, ओट्यावरचे, झाडाखालचे. भिंतीवर बसलेल्या मारेगाववाल्यांनीही वर केले, तर काकू ओरडल्या, "तुमी खाली घ्या!" हार्डवेअरवाले भाऊ इकडंतिकडं पाहत बसले होते. त्यांच्याच बाजूच्या एका बाईनं, जिचा मुलगा झेरॉक्सचं म्हणत होता, हात वर केला. मग भाऊंनी केला. विरोधात कोण, असं ग्रामसेवकांनी विचारलं तेव्हा एकही हात नव्हता.

"सहा मिनिटं!"

काकूंनी चावी कॅप्टनच्या हातावर ठेवली आणि तो असा पळाला की त्याला फाटकाजवळची खोली देण्यात चूक झाली असं मला वाटलं. सगळं गाव परत पळालं. पोरांनी कोठीसमोर मातीत बसून बूट चढवले. एकाच्या पायात दोन्ही डावे. रेफ्रींनी शिट्टी तोंडात धरलेली. शेवटचं मिनिट सुरू असताना आमचे अकरा जण रेषेच्या आत होते.

मॅच आम्ही जिंकली. गोल कोणी मारले ते आज गावात दोघांनाही सारखं सांगता येत नाही. ठराव मात्र सगळ्यांना पाठ आहे, आणि तो माझ्या अक्षरात आहे. तालुक्याला गेला, यवतमाळला गेला, एक शब्द दुरुस्तीला परत आला नाही. पंचायतीच्या रजिस्टरमध्ये आजही कोणी पाहू शकतं.

सोमवारी मालकानं मला ऑफिसात बोलावलं. मला वाटलं, नोकरी गेली. तो म्हणाला, "नागपूरवाल्याइले पत्र लिहा. आमी येत नाई." एवढ्या आनंदानं मी कुठलंही पत्र लिहिलं नव्हतं, आणि ते मी दोनदा लिहिलं, पहिलं फार लांब झालं म्हणून.

आता मी नेरला नोकरी करते. परीक्षा देऊन लागलेली, पक्की. गॅलरीवरची पहिली मॅच होती तेव्हा सुटी टाकून गेले. रस्त्याकडच्या गाळ्यांवर पाट्या लागलेल्या. झेरॉक्स, पंक्चर, नाश्ता. एक मुलगी शिलाई मशीन मांडून बसलेली. वर पायऱ्या माणसांनी भरलेल्या. आणि समोरची टीम कोणती होती? नागपूरची. जिथं आमचे जाणार होते तिथले लोक बस करून आमच्याकडं खेळायला आले होते.

त्यांच्यासोबत लीगच्या एक मॅनेजरबाई आल्या होत्या, गळ्यात ओळखपत्र, हातात यादी. लीगच्या अटी पूर्ण आहेत का ते पाहत फिरत होत्या. गॅलरी पाहिली, खोल्या पाहिल्या, खुणा केल्या. काकू त्यांच्या मागोमाग.

"आन् बायांचं बाथरूम?" काकूंनी विचारलं. "थे पाह्यलं का?"

"पाहू ना, काकू. ते बहुतेक ठिकाणी नुसतं बांधून ठेवतात," बाई म्हणाल्या. "पाणी कुठंच नसतं."

काकूंनी त्यांचा हात धरला आणि गाळ्यांच्या बाजूनं मागं नेलं. मीही गेले. पांढऱ्या टाइल्स, कडी लागणारं दार, भिंतीला चकचकीत नळ. बाहेर मॅच सुरू झाल्याची शिट्टी वाजली, गॅलरीतून आरोळी उठली. काकूंनी तिकडं लक्षच दिलं नाही.

"सोडून पाहा," त्या म्हणाल्या.

बाईंनी नळ सोडला. असं जोरात पाणी आलं की त्यांची यादी भिजली.